व्हॅलेंटाईन डे कसा घडला: संत, पक्षी, टपाल आणि मावळचे गुलाब

फेब्रुवारी उजाडला की एक गोष्ट मोबाइलवर फिरायला लागते. रोमच्या क्लॉडियस बादशहाला वाटलं की बायकोमुलांत अडकलेले सैनिक लढाईत कच खातात, म्हणून त्याने सैनिकांच्या लग्नावर बंदी घातली. व्हॅलेंटाईन नावाचा धर्मगुरू मात्र चोरून लग्नं लावत राहिला. तो पकडला गेला, तुरुंगात त्याने जेलरच्या आंधळ्या मुलीला दृष्टी दिली आणि १४ फेब्रुवारीला वधस्तंभाकडे जाताना तिला चिठ्ठी लिहिली: ‘तुझाच व्हॅलेंटाईन’.

गोष्ट सुरेख आहे, पण ती इतिहासात कुठेच बसत नाही. सैनिकांच्या लग्नबंदीपासूनच सुरुवात करू. रोमन सैनिकाला नोकरीत असेपर्यंत कायदेशीर लग्न करता येत नसे, हे खरं. पण ही बंदी ऑगस्टसच्या काळातली मानली जाते आणि सेप्टिमियस सेव्हेरस या सम्राटाने ती इ. स. १९७ च्या सुमारास उठवली. गोष्टीतला दुसरा क्लॉडियस गादीवर आला तो २६८ मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी. त्याची कारकीर्दही जेमतेम दोन वर्षांची. ती गॉथ टोळ्यांशी लढण्यात गेली आणि २७० मध्ये तो आजच्या सर्बियातल्या सिर्मियम इथे साथीच्या रोगाने मेला. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या मोठ्या लाटा त्याच्या आधी व्हॅलेरियनच्या आणि नंतर डायोक्लेशियनच्या राज्यात आल्या. याच्या राज्यात नव्हे.

याहून मोठी अडचण लग्नाचीच आहे. त्या काळच्या रोमन कायद्यात लग्नाला पुरोहित लागतच नव्हता. दोघांची आणि घरच्यांची संमती, नवराबायको म्हणून राहण्याचा इरादा, एवढ्यावर लग्न पुरं व्हायचं. मग ‘चोरून लग्न लावणारा पाद्री’ नेमकं काय लावत होता? चर्चमध्येच लग्न होतं असं गृहीत धरणाऱ्या, कितीतरी शतकांनंतरच्या लोकांनी हे पात्र रचलं आहे. ‘तुझाच व्हॅलेंटाईन’ ही चिठ्ठीही तशीच मागाहून चिकटवलेली.

मग हा संत होता तरी कोण

चर्चच्या जुन्या याद्यांत १४ फेब्रुवारीला या नावाचे दोन हुतात्मे ठळकपणे येतात. एक रोममधला धर्मगुरू, दुसरा रोमच्या उत्तरेला असलेल्या तेर्नी गावचा बिशप. दोघांचाही संबंध रोमबाहेरच्या व्हिया फ्लामिनिया या रस्त्याशी जोडलेला, त्यामुळे हे मुळात एकच असावेत असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. चौथ्या शतकाच्या मध्यावर पोप पहिले ज्युलियस यांनी त्या रस्त्यावर त्याच्या नावाचं चर्च बांधलं, म्हणजे या नावाच्या हुतात्म्याची तिथे आठवण ठेवली जात होती एवढं नक्की.

या दोघांची चरित्रं लिहिली गेली ती मृत्यूनंतर दोनअडीचशे वर्षांनी किंवा त्याहून उशिरा. धर्मगुरूच्या चरित्रात तो अॅस्टेरियस नावाच्या न्यायाधीशाच्या आंधळ्या मानसकन्येला बरं करतो. बिशपच्या चरित्रात क्रेटन नावाच्या पंडिताच्या व्यंग असलेल्या मुलाला. दोन्हींत आजार आहे, चमत्कार आहे, धर्मांतर आहे, शिरच्छेद आहे. प्रेमप्रकरण, लग्न, चिठ्ठी यांपैकी काहीही नाही. मध्ययुगात जर्मन मुलखात लोक या संताला नवस बोलायचे ते प्रेमासाठी नव्हे, तर फेफऱ्यापासून सुटका व्हावी म्हणून.

१९६९ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने आपली जागतिक दिनदर्शिका नव्याने आखली, तेव्हा व्हॅलेंटाईनचा सण तिच्यातून काढला. कारण साधं होतं: नाव आणि व्हिया फ्लामिनियावरचं दफन यापलीकडे खात्रीचं काही सांगता येत नव्हतं. आता त्या तारखेला सिरिल आणि मेथोडियस या दोन संतांचा सण असतो. व्हॅलेंटाईनचं संतपद मात्र गेलेलं नाही. हुतात्म्यांच्या यादीत त्याचं नाव अजून आहे.

चर्चचं वेळापत्रक आणि प्रेमाचा दिवस यांची टक्कर वसई आणि गोव्यातल्या घरांना चांगली ठाऊक आहे. २०१८ आणि २०२४ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, नेमका १४ फेब्रुवारीला आला; २०२९ मध्ये पुन्हा येईल. त्या दिवशी उपवास असतो आणि मांसाहार वर्ज्य. म्हणून जोडप्यांचं जेवण आदल्या दिवशी उरकलं जातं.

बकऱ्याच्या कातड्याचा बादरायण संबंध

दुसरी लाडकी कथा म्हणजे हा दिवस ल्युपरकेलियातून आला ही. हा रोमन सण १५ फेब्रुवारीचा. पॅलेटाइन टेकडीच्या पायथ्याशी एका गुहेपाशी बोकड आणि कुत्रा बळी द्यायचे, त्या बोकडांच्या कातड्याचे पट्टे कापायचे आणि अर्धनग्न तरुण ते पट्टे घेऊन धावत सुटायचे. वाटेतल्या बायका मुद्दाम पुढे येऊन फटका खायच्या, कारण त्याने मूल होतं आणि बाळंतपण सोपं जातं अशी समजूत होती.

पाचव्या शतकाच्या शेवटी पोप पहिले गेलासियस यांनी या सणावर कडाडून टीका केली. इथपर्यंत कागदोपत्री आहे. पण ‘त्यांनी तो बंद करून त्याजागी व्हॅलेंटाईनचा प्रेमदिवस बसवला’ या वाक्याला आधार नाही. गेलासियस यांच्या पत्रात व्हॅलेंटाईनचं नाव नाही, आणि प्रेमाचा दिवस तर पुढची नऊशे वर्षं कुठेच दिसत नाही. ल्युपरकेलियात मुलं मडक्यातून मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या काढायची, हाही तपशील कुठल्याच रोमन लेखकाकडे सापडत नाही. अठराव्या शतकात अल्बन बटलर या इंग्रज पाद्र्याने लिहिलेल्या संतचरित्रांतून तो पसरला. चिठ्ठ्या काढण्याची चाल बटलरच्या आसपासच्या इंग्लंडात होती; तिला रोमन पूर्वज आयता चिकटवून दिला गेला. दोन सणांच्या तारखा शेजारी आल्या म्हणून त्यांचं नातं लागत नाही.

खरी सुरुवात: पक्ष्यांची सभा

व्हॅलेंटाईन आणि प्रेम ही जोडी पहिल्यांदा ठसठशीत दिसते ती १३८० च्या आसपास, इंग्रज कवी जेफ्री चॉसर याच्या पक्ष्यांच्या सभेवरच्या ६९९ ओळींच्या कवितेत. संत व्हॅलेंटाईनच्या दिवशी सगळे पक्षी निसर्गदेवीपुढे जमतात, कारण त्या दिवशी प्रत्येकाने आपापला जोडीदार निवडायचा असतो. देवीच्या हातावर एक गरुडी बसलेली आहे आणि तिच्यासाठी तीन गरुड भांडताहेत. तिघेही लांबलचक, दरबारी भाषेत आपलं प्रेम सांगतात. बाकीचे पक्षी कंटाळतात. बदक आणि हंस ‘ती नाही म्हणाली तर दुसरी बघ’ अशा चालीचा व्यवहारी सल्ला देतात. शेवटी गरुडी काय करते? ती एक वर्षाची मुदत मागून घेते. प्रेमदिनाच्या पहिल्या मोठ्या कवितेत मुलगी हो म्हणत नाही, आणि देवीही तिच्यावर जबरदस्ती करत नाही. हे आजच्या भेटकार्डांनी सोयीस्करपणे विसरलं आहे.

ही कविता राजा दुसरा रिचर्ड आणि बोहेमियाची अॅन यांच्या विवाहाच्या निमित्ताने लिहिली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. विवाहाचा करार २ मे १३८१ चा. त्यावरून एकाने असाही तर्क केला की चॉसरच्या मनात फेब्रुवारीचा नव्हे, तर जेनोआ शहराचा व्हॅलेंटाईन होता, ज्याचा दिवस ३ मे. फेब्रुवारीच्या थंडीत पक्षी कुठले जोड्या जमवतात, ही त्यामागची शंका. तर्क चलाख आहे, पण एक हिशेब लक्षात घेतला की शंकेची धार कमी होते. तेव्हा युरोपात ज्युलियन पंचांग चालत होतं आणि चौदाव्या शतकात ते आजच्या पंचांगापेक्षा आठ दिवस मागे होतं. म्हणजे चॉसरचा १४ फेब्रुवारी आपल्या २२ फेब्रुवारीला पडतो. इंग्लंडात त्या सुमाराला दिवस मोठा व्हायला लागलेला असतो आणि काही पक्षी गाऊन जोडीदार शोधायला लागलेले असतात. चॉसरच्या मागून आलेल्या कवींनीही फेब्रुवारीच धरला आणि प्रथा तिथेच रुजली.

हुंड्यावर अडलेलं पहिलं पत्र

इंग्रजीतलं सर्वांत जुनं मानलं जाणारं व्हॅलेंटाईनपत्र फेब्रुवारी १४७७ चं आहे. नॉरफोकमधल्या मार्जरी ब्रूझ हिने ते जॉन पॅस्टन याला लिहिलं, किंवा लिहून घेतलं म्हणा. अक्षर घरच्या कारकुनाचं आहे. पत्र आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात ती जॉनला आपला लाडका व्हॅलेंटाईन म्हणते, त्याची खबर कळेपर्यंत आपल्याला बरं वाटणार नाही असंही सांगते.

पण पत्राचा खरा विषय आहे हुंडा. जॉनच्या बाजूची मागणी मोठी होती आणि मुलीचे वडील अडून बसले होते. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या पत्रात मार्जरी आकडाच सांगून टाकते: वडील शंभर पौंड आणि पन्नास मार्कच्या वर एक दमडी देणार नाहीत. मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश, तेव्हा एकूण रक्कम १३३ पौंडांच्या थोडी वर जाते. एवढ्यावर समाधान असेल तर मी जगातली सर्वांत सुखी मुलगी. नसेल तर पुन्हा इकडे येण्याचे कष्ट घेऊ नका, असा तिचा सूर. तुमच्याकडे आहे त्याच्या निम्मी मिळकत असती तरी मी तुम्हाला सोडलं नसतं, हेही ती सुनावते. बैठक जमवणारी होती तिची आई. तिने जॉनला पत्र धाडून बोलावलं, त्यातही ‘व्हॅलेंटाईनच्या दिवशी प्रत्येक पक्षी जोडीदार निवडतो’ हा चॉसरचा धागा आहे. त्याच वर्षी लग्न झालं. म्हणजे शंभरएक वर्षांत कवितेतली कल्पना गावाकडच्या सोयरिकीच्या बोलण्यात सहज उतरली होती.

चिठ्ठ्या आणि खिशाला चाट

सतराव्या शतकात लंडनमध्ये ही प्रथा कशी पाळत, हे सॅम्युएल पेप्स या आरमारी अधिकाऱ्याच्या रोजनिशीतून तपशिलात कळतं. नियम दोन. पहिला: १४ तारखेला सकाळी जी परकी व्यक्ती आधी दिसेल, ती तुमची व्हॅलेंटाईन. १६६२ मध्ये पेप्सच्या घरी रंगारी काम करत होते. त्यांच्यापैकी कुणी नजरेला पडू नये म्हणून त्याची बायको सकाळभर डोळ्यांवर हात धरून बसली. दुसरा: नावांच्या चिठ्ठ्या काढायच्या. यात लग्न झालेली माणसं, शेजारी, लहान मुलं सगळी असत. प्रेमाचा संबंध असेलच असं नाही, हा घरगुती खेळ होता.

खेळाला खर्च मात्र होता. ज्याच्या वाट्याला जी बाई येईल तिला त्याने भेट द्यायची, बहुधा हातमोजे. १६६७ मध्ये पेप्स स्वतःच्याच बायकोचा व्हॅलेंटाईन ठरला आणि याचे पाच पौंड जाणार म्हणून त्याने नोंद केली. वरच्या वर्तुळात आकडे निराळे: राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याने दरबारातल्या फ्रान्सेस स्टुअर्टला सुमारे ८०० पौंडांचा दागिना दिला होता, असं तोच लिहितो. सणाचा बाजार कार्डकंपन्यांनी केला, हे अर्धसत्य आहे. कार्ड नव्हतं तेव्हाही व्हॅलेंटाईन होणं महागच पडायचं.

एका पेनीचा चमत्कार

हा खेळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून कामगारांच्या वस्तीत पोचला तो टपालामुळे. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे सहसा घेणाऱ्याने भरायचे आणि दर अंतरावर व कागदाच्या संख्येवर ठरायचा. पाकीट घातलं तर तो वेगळा कागद म्हणून मोजला जायचा. अशा व्यवस्थेत गुपचूप प्रेमपत्र पाठवणं म्हणजे तिच्या वडिलांना पोस्टमनचे पैसे द्यायला लावणं.

१० जानेवारी १८४० पासून टपालसुधारक रोलंड हिलच्या योजनेने देशभर कुठेही अर्धा औंस, म्हणजे साधारण १४ ग्रॅम वजनाचं पत्र एका पेनीत जाऊ लागलं. मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ तिकीट आलं आणि पैसे आधीच भरण्याची सवय लागली. १८५० च्या दशकात रस्त्यांवर टपालपेट्या उभ्या राहिल्या. आता पोस्टाच्या खिडकीवर कुणाला तोंड दाखवायची गरज उरली नाही. निनावी कार्डाला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी, स्वस्त दर, आगाऊ पैसे आणि बिनचेहऱ्याची पेटी, पंधराएक वर्षांत जुळून आल्या. ज्यांना कविता जमत नव्हती त्यांच्यासाठी तयार चारोळ्यांच्या पुस्तिका अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच मिळत होत्या.

निनावीपणाला दुसरी बाजूही होती. टक्कल, म्हातारपण, नटवेपणा, दारू यांवरून टोचणारी, स्वस्त कागदावरची खवचट कार्डं तितकीच खपायची. ती नकोशा प्रियकराला, शेजारणीला, दुकानदाराला, वरिष्ठाला जायची. आजच्या निनावी खात्यांवरून होणाऱ्या टिंगलीची ही पणजी.

अमेरिकेत या धंद्याला आकार दिला एस्थर हाउलंड हिने. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावी तिच्या वडिलांचं कागदसामानाचं दुकान होतं. १८४७ मध्ये शिक्षण संपल्यावर तिने इंग्लंडहून आलेल्या कार्डासारखे नमुने करून भावाबरोबर बाजारात पाठवले. दोनशे डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, असा तिचा अंदाज होता. भाऊ परतला तो पाच हजारांच्या ऑर्डरी घेऊन. मग घराच्या वरच्या मजल्यावर बायका कामाला बसल्या: एकीने चित्रं कापायची, दुसरीने जाळीदार कागदाखाली रंगीत कागद बसवायचा, तिसरीने चिकटवायचं. एकाच बाईने पूर्ण कार्ड करायचं नाही. १८८१ मध्ये तिने धंदा विकला.

जपानचा उलटा रिवाज

बाजार सण कसा घडवतो ते पाहायचं तर जपान पाहावं. १९३६ मध्ये मोरोझोफ या कोबेच्या मिठाईवाल्याने परदेशी लोकांच्या इंग्रजी वर्तमानपत्रात व्हॅलेंटाईनच्या चॉकलेटची जाहिरात दिली. खरी धडपड १९५८ मधली. मेरी चॉकलेट कंपनीने टोकियोच्या इसेतान दुकानात तीन दिवस विक्री मांडली आणि गल्ला जमला एकूण १७० येन. पुढच्या वर्षी त्यांनी बदामाच्या आकाराचं, नाव कोरून देता येईल असं चॉकलेट काढलं आणि ते पुरुषांना नव्हे, बायकांना विकलं: वर्षातून एक दिवस बाईने पुढाकार घ्यावा. दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक बायकाच, हे त्यामागचं साधं गणित.

त्यातून नियमांचं जाळं विणलं गेलं. मनापासून आवडणाऱ्याला दिलं ते ‘होनमेई’ चॉकलेट. कचेरीतल्या साहेबाला आणि सहकाऱ्यांना, द्यावं लागतं म्हणून, ‘गिरी’ चॉकलेट. मैत्रिणींमध्ये ‘तोमो’. घेणाऱ्यांनी परतफेड कधी करायची, हा प्रश्न मिठाईवाल्यांनीच सोडवला: फुकुओकाच्या एका दुकानाने सत्तरीच्या दशकात पुरुषांनी मार्शमेलो द्यायचा दिवस काढला आणि १९८० पासून देशभरच्या मिठाई संघाने १४ मार्च हा ‘व्हाइट डे’ केला. परतफेड तिप्पट किमतीची असावी, अशी बोलवाही रूढ झाली. गिरी चॉकलेटचा जाच एवढा वाढला की १ फेब्रुवारी २०१८ ला गोडिव्हा या चॉकलेट कंपनीनेच वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन ‘आता हे थांबवा’ असं सांगितलं. कोरियाने आणखी एक पायरी जोडली: दोन्ही दिवशी ज्यांना काहीच मिळालं नाही, ते १४ एप्रिलला काळ्या सॉसच्या शेवया खातात.

ब्राझीलमध्ये प्रेमिकांचा दिवस १२ जूनला असतो. जूनमध्ये दुकानं ओस पडत, म्हणून साओ पाउलोच्या एका जाहिरातदाराने चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस लग्नं जुळवणाऱ्या संत अँथनीच्या सणाची पूर्वसंध्या निवडली. फिनलंडमध्ये १४ फेब्रुवारी हा मित्रांचा दिवस.

आपल्याकडे हा दिवस मोठा झाला तो १९९१ नंतर, उपग्रह वाहिन्या आणि भेटकार्डांच्या दुकानांबरोबर. महाराष्ट्रात विरोधही तेव्हाच सुरू झाला. कार्डं जाळणं, दुकानांवर मोर्चे, हे नव्वदीच्या अखेरीस दर फेब्रुवारीला ठरलेलं असे. २०२३ मध्ये केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने १४ तारखेला गायीला मिठी मारण्याचं आवाहन केलं आणि चार दिवसांत मागे घेतलं. भारतीयांनी या सणात घातलेली खास भर म्हणजे आठवडा: ७ ला रोझ, ८ ला प्रपोज, ९ ला चॉकलेट, १० ला टेडी, ११ ला प्रॉमिस, १२ ला हग, १३ ला किस. लंडन-न्यूयॉर्कमध्ये टेडी डेची तारीख विचारलीत तर बहुतेक जण गोंधळतील.

गुलाब १४ तारखेला कसा फुलतो

गुलाबाला फेब्रुवारी कळत नाही. तो त्या आठवड्यात हातात यावा म्हणून पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडेच्या आसपास, डिसेंबरपासून उलटी मोजणी चालते. इथली हवा सौम्य, मुंबईचा विमानतळ महामार्गाने जवळ, म्हणून पॉलिहाऊस, म्हणजे प्लास्टिकने झाकलेली शेडं, इथे वाढली. स्थानिक काळ्या मातीत पाणी साचून मुळं सडतात, तेव्हा लाल माती आणून उंच गादीवाफे करतात. चौरस मीटरला साधारण ६ ते ९ झाडं, पाणी आणि खत दोन्ही ठिबकमधून.

छाटलेल्या डोळ्यापासून तोडणीजोगी कळी यायला थंडीत साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. परदेशी जाणारा माल जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून ८ फेब्रुवारीच्या आसपासपर्यंत निघायला हवा. मागे मोजलं तर छाटणी सुरू होते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. सगळं शेड एकाच दिवशी छाटत नाहीत. टप्पे पाडतात, नाहीतर सगळ्या कळ्या एकदम येऊन तोडणीला माणसं पुरत नाहीत. बारीक, विकायला निरुपयोगी काड्या कापून न टाकता वाफ्याच्या कडेला वाकवून ठेवतात, याला बेंडिंग म्हणतात. वाकलेल्या काडीची पानं झाडासाठी अन्न करत राहतात आणि तळातून जाड, सरळ फूट वर येते.

गणित बिघडवते ती थंडी. रात्रीचं तापमान बरंच उतरलं की कळी आठवडाभर मागे पडते, आणि निर्यात हुकते. त्यावर उपाय म्हणजे संध्याकाळी बाजूचे पडदे लावून ऊब धरणं. पण पडदे सकाळी उशिरापर्यंत बंद राहिले तर आत दमट हवा कोंडते, पानांवर पाणी राहतं आणि डाऊनी हा बुरशीसारखा रोग पसरतो. पानं गळतात आणि काडी बाद होते. उलट जानेवारी तापला तर कळ्या लवकर येतात. त्या शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवता येतात, पण शीतगृहात गेलेला प्रत्येक दिवस फुलदाणीतल्या आयुष्यातून वजा होतो. कळीचा आकार भरावा म्हणून तिच्यावर लवचीक जाळीची टोपी चढवतात. ऊन वाढलं की फुलकिडे आणि लाल कोळी येतात, आणि निर्यातीच्या पेटीत एक जिवंत कीड सापडली तर अख्खी खेप अडते.

तोडणी पहाटे. निर्यातीची कळी घट्ट हवी, स्थानिक बाजाराची जराशी उमललेली चालते. तोडताच दांडा पाण्यात, मग थंड खोलीत, मग लांबीप्रमाणे दहा-दहा सेंटिमीटरच्या फरकाने वर्गवारी आणि वीस-वीस फुलांच्या जुड्या. ८-९ तारखेनंतर तोडलेला माल देशातच विकला जातो, म्हणून पुण्या-मुंबईच्या दुकानांत १३ तारखेला आलेलं फूल बरेचदा ताजं असतं, महाग असलं तरी.

घरी आणलेलं फूल दुसऱ्याच दिवशी मान टाकतं, त्याचं कारण बहुतेकदा दांड्यात अडकलेली हवा असते. कोरड्या दांड्याच्या नळ्यांत हवा शिरली की पाणी वर चढत नाही आणि कळीखालचा नाजूक भाग वाकतो. दांडा पाण्यात बुडवून, पाण्याखालीच तळाशी दोन-तीन सेंटिमीटर तिरका कापा. पाण्यात बुडणारी पानं काढा; ती कुजून जंतू वाढतात आणि त्याच नळ्या तुंबतात. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे काही थेंब घाला: साखर फुलाचं अन्न, लिंबू पाणी आम्ल करून ते वर चढायला मदत करतं, ब्लीच जंतूंना रोखतं. नुसती साखर टाकली तर जंतूंचीच मेजवानी होते. पाणी दर दोन दिवसांनी बदला, दर वेळी दांडा थोडा कापा, आणि फुलदाणी पिकत्या केळ्या-सफरचंदांच्या टोपलीजवळ ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या वेळेआधी गळतात. मान वाकलीच असेल तर दांडा पुन्हा कापून अख्खं फूल तासभर कोमट पाण्यात आडवं बुडवून ठेवा. कळी घट्ट असेल तर बहुधा ती उठते.